इसवणीचा दर आणि बडतर्फीचा आदेश: एका हॉटेलच्या वादात तज्ज्ञ साक्षीदार

मी पणजीत चार्टर्ड अकाउंटंट म्हणून काम करते. हिशेबांची छाननी आणि त्यावर न्यायालयात साक्ष हा माझ्या कामाचा एक भाग आहे. पुढचे प्रकरण मुख्यतः वकील मित्रांसाठी लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत, पण रकमांचे एकमेकींशी असलेले प्रमाण तसेच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

बार्देश तालुक्यात किनाऱ्यालगतचे एक हॉटेल. खोल्या फार नाहीत, पण मासळीच्या जेवणासाठी बाहेरची गिऱ्हाइकेही येतात, त्यामुळे स्वयंपाकघराचा पसारा मोठा. खरेदी विभागात एक गृहस्थ बरीच वर्षे नोकरीला होते. हुद्दा ‘पर्चेस ऑफिसर’, पण हाताखाली कोणी नाही. शेफकडून यादी घ्यायची, पुरवठादाराला फोन करायचा, माल उतरवून घ्यायचा, आवक पावती करायची आणि बिल अकाउंट्सकडे पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. त्यामुळे ते कायद्याने ‘कामगार’ ठरतात की नाही हा वाद हॉटेलने घातला खरा, पण तो टिकला नाही. कामगार न्यायालय हुद्द्याचे नाव बघत नाही, प्रत्यक्ष काम बघते.

मासळी एकाच पुरवठादाराकडून येत असे. हा पुरवठादार मालीम जेटीवरून आणि म्हापशाच्या बाजारातून माल उचलायचा, शिवाय गरजेनुसार परराज्यातूनही आणायचा. एकच पुरवठादार का, याला एक सरळ कारण होते. २०१८ साली गोव्यात मासळी टिकवण्यासाठी फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याचे प्रकरण गाजले आणि परराज्यातून येणाऱ्या मासळीसाठी अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) नोंदणी व इन्सुलेटेड गाडी अशा अटी आल्या. तेव्हापासून या हॉटेलने आपल्या सगळ्याच मासळी पुरवठादारांना तसल्या अटी लावल्या. त्या पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले.

पुढे मुख्य कार्यालयातून अंतर्गत लेखापरीक्षक आले. मुख्य कार्यालय गोव्याबाहेर आहे. त्यांनी दोन वर्षांची मासळीची बिले काढली, ‘बाजारभाव’ नावाच्या एका रकान्याशी ताडून पाहिली आणि हॉटेलचे १८.२ लाखांचे नुकसान झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच सुमारास कोणीतरी सांगितले की पुरवठादार संस्थेतला एक भागीदार या गृहस्थांच्या पत्नीचा भाऊ आहे. कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, खात्यांतर्गत चौकशी, बडतर्फी हे सगळे भराभर उरकले गेले.

मजूर खात्यात समेट झाला नाही आणि प्रकरण कामगार न्यायालयात गेले. तिथे पहिला मुद्दा निघाला चौकशी रीतसर झाली होती का, हा. ‘बाजारभाव’ कुठून घेतला याचा तक्ता त्या गृहस्थांनी चौकशीत लेखी मागितला होता. तो दिला गेला नव्हता. लेखापरीक्षकांनी उलटतपासणीत ‘हा आमचा अंतर्गत कागद आहे’ असे उत्तर दिले होते. न्यायालयाने चौकशी अग्राह्य ठरवली.

अशा वेळी मालकाची बाजू तिथेच संपत नाही. मालकाने आपल्या कैफियतीत (न्यायालयाला दिलेल्या लेखी उत्तरात) वेळीच मागणी केली असेल, तर थेट न्यायालयापुढे पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये हे स्पष्ट केले आहे. हॉटेलच्या वकीलसाहेबांनी ती मागणी कैफियतीत घालून ठेवली होती. त्यानंतर त्यांनी मला फोन केला.

समस्या

वकीलसाहेब म्हणाले, “मॅडम, अठरा लाखांचे नुकसान झाल्याचे सर्टिफिकेट हवे. आकडे तयारच आहेत, तुम्ही फक्त बघून सही करायची.”

अशा फोनवर लगेच रागावण्यात अर्थ नसतो. वकिलाला तारीख सांभाळायची असते, अशील घाईला आलेला असतो. मी आरोपपत्राची प्रत मागवली. ती वाचताना खरी अडचण लक्षात आली. आरोप एकच होता: पुरवठादाराशी संगनमत करून चढ्या दराने खरेदी केली आणि हॉटेलचे १८.२ लाखांचे नुकसान केले. मेहुण्याच्या भागीदारीचा उल्लेख होता, पण तो प्रस्तावनेच्या परिच्छेदात, माहिती म्हणून. ‘हे नाते तुम्ही कळवले नाही’ असा स्वतंत्र आरोप कुठेच नव्हता.

म्हणजे सगळा भार त्या आकड्यावर होता, आणि आकडा कोणी तपासलेलाच नव्हता.

समोर असलेले पर्याय

आहे त्या आकड्यावर सही करणे हा पर्यायच नव्हता, म्हणून तो मोजत नाही. काम नाकारता आले असते. वकिलांची खासगी सल्लागार म्हणून आकडे तपासून, साक्षीला उभे न राहता बाजूला होता आले असते. बऱ्याच प्रकरणांत हा मार्ग योग्य असतो आणि वकिलांनी तो अधिक वापरावा असे मला वाटते, कारण कच्चे दुवे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उघडे पडण्याआधी कार्यालयात कळतात. तिसरा पर्याय म्हणजे स्वतंत्र तपासणी करून पूर्ण अहवाल द्यायचा, तो कोणाच्याही बाजूने पडो, आणि त्यावर साक्ष द्यायची.

मी तिसरा सुचवला, पण दोन अटींवर. पहिली अट पत्राची: मला कोणते प्रश्न विचारले आहेत आणि कोणती कागदपत्रे दिली आहेत, हे वकिलांनी लेखी कळवायचे. दुसरी फीची: ती ठरावीक असेल आणि निकालाशी तिचा संबंध नसेल. निष्कर्षावर किंवा निकालावर अवलंबून असलेली फी चार्टर्ड अकाउंटंटला कायद्यानेच मना आहे. वकिलांनाही बार कौन्सिलच्या नियमांनी ती मना आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. तरी ते पत्रात लिहिलेले बरे, कारण उलटतपासणीतला पहिला प्रश्न बहुधा फीचाच असतो.

प्रश्न ठरवताना आमची बरीच चर्चा झाली. ‘संगनमत होते का?’ हा प्रश्न वकीलसाहेबांना घालायचा होता. मी नकार दिला. आमच्या चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेची (आयसीएआय) फोरेन्सिक अकाउंटिंगची, म्हणजे गैरव्यवहाराच्या संशयावरून होणाऱ्या हिशेब-तपासणीची, मानके १ जुलै २०२३ पासून बंधनकारक आहेत, आणि त्यानुसार कोणी दोषी आहे की निर्दोष यावर आम्ही मत द्यायचे नसते. ते ठरवणे न्यायाधीशांचे काम. शेवटी दोन प्रश्न राहिले. दिलेल्या दरांतला फरक कशाकशाने स्पष्ट होतो आणि किती उरतो? मालाची आवक नोंदवण्याच्या पद्धतीत हॉटेलच्याच नियमांपासून काही विचलन दिसते का?

काय केले

पहिला आठवडा कागदांत गेला. ‘बाजारभाव’ रकान्याचा उगम शोधताना दिसले की लेखापरीक्षकांनी काही महिन्यांचे सुटे दर गोळा करून वर्षाची एकच सरासरी काढली होती आणि ती बाराही महिन्यांना लावली होती. गोव्यात राहणाऱ्या कोणालाही यातली चूक सांगावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. जेटीवर ट्रॉलर उभे, बाजारात परराज्यातला किंवा बर्फातला माल, आणि दर भिडलेले आभाळाला. डिसेंबरात पर्यटक येतात तेव्हा मागणी वाढते ती वेगळीच. मी महिनावार दर मांडले. त्यासाठी दुसऱ्या दोन हॉटेलांनी नावे न सांगण्याच्या अटीवर आपली बिले दाखवली. ती पुरावा म्हणून दाखल करता येणार नव्हती, म्हणून त्यांच्यावर निष्कर्ष उभा केला नाही, फक्त माझी दिशा बरोबर आहे ना एवढे पडताळले. अहवालातले महिनावार दर मी याच हॉटेलच्या इतर पुरवठादारांकडून मागवलेल्या जुन्या कोटेशनांतून घेतले. ती फायलीत पडून होती आणि लेखापरीक्षकांनी उघडलीही नव्हती.

मोठा फरक मात्र इसवणीचा, म्हणजे सुरमईचा, होता. बिलात दर किलोला ८५० च्या आसपास, ‘बाजारभाव’ रकान्यात ६००. किलोमागे अडीचशेचा फरक, आणि हॉटेल रोज इसवण घेणारे. वरवर पाहिले तर चोरीच वाटावी.

मी शेफना विचारले की माल कसा येतो. ते म्हणाले, “साफ करून, तुकडे करून. डोके-शेपूट आम्ही घेत नाही.” बिलावर फक्त ‘इसवण’ एवढेच लिहिलेले, पण पुरवठादाराच्या चिठ्ठ्यांवर प्रत्येक ठिकाणी ‘कापून’ असा शेरा होता. मग हॉटेलच्या बुचरीत, वकीलसाहेब आणि हॉटेलचा एक प्रतिनिधी यांच्यासमोर, दहा किलो अख्खी इसवण तोलून घेतली. शेफच्या माणसाने नेहमीच्या पद्धतीने डोके, आतडी, शेपूट काढली आणि तुकडे पाडले. तुकड्यांचे वजन भरले सात किलोच्या किंचित खाली-वर. वेगवेगळ्या आकाराच्या मासळीवर हे पुन्हा केले, फरक थोडासाच आला. हिशेब साधा होता. ६०० च्या दराने दहा किलोचे सहा हजार होतात. तेच सहा हजार सात किलोंवर वाटले की किलोला ८५७ पडतात. ज्या फरकाला चोरी म्हटले जात होते, तो डोक्याशेपटीच्या टाकाऊ वजनातून आलेला होता.

सगळे जुळवल्यावर १८.२ लाखांपैकी १०.६ लाख साफ केलेल्या मालामुळे, ३.९ लाख बंदीच्या आणि मोसमाच्या दरांमुळे आणि १.५ लाख उधारीमुळे स्पष्ट होत होते. बाजारभाव रोखीचा होता आणि हॉटेल पैसे दीड-दोन महिन्यांनी द्यायचे. उरले २.२ लाख.

हे २.२ लाख मला कुठल्याच मार्गाने समजावता आले नाहीत. ते मुख्यतः सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, होते. खरेदी आदेशात फक्त ‘मोठी सुंगटे’ लिहायची पद्धत होती, किलोला किती नग हे कुठेच नव्हते. आणि एक गोष्ट खटकली. एका विशिष्ट महिन्यापासून पुढे माल पहाटे, आवक कारकून कामावर येण्याआधी उतरवला जाऊ लागला होता. त्या दिवसांच्या पावत्यांवर एकट्या त्या गृहस्थांचीच सही होती आणि वजने पूर्णांकात: वीस किलो, तीस किलो. ओली मासळी इतकी गोल वजनात येत नाही. बर्फासकट तोलली असावी ही एक शक्यता, पण ती शक्यताच. मागच्या दाराचा सीसीटीव्ही होता, मात्र त्याची नोंद महिनाभरात पुसली जायची आणि चौकशी सुरू करताना कोणाला ती जपून ठेवायचे सुचले नव्हते. ताज्या मासळीवर जीएसटी नाही, त्यामुळे त्या बाजूनेही मागोवा लागत नव्हता.

अहवालात मी हे सगळे लिहिले. त्यातच भागीदारीच्या नोंदणीचा उतारा जोडून नात्याची बाबही नमूद केली. हॉटेलच्या आचारसंहितेत हितसंबंध कळवण्याचे कलम होते आणि नोकरीला लागताना त्यावर सहीही घेतली होती. पण दरवर्षी भरून द्यायचा जो फॉर्म संहितेत सांगितला होता, तो हॉटेलने एकदाही कोणाला दिला नव्हता. हेही लिहिले.

निर्णयाचा क्षण: अहवाल पूर्ण की तुकड्यांत

अहवाल गेल्यावर दोन दिवस शांतता होती. मग वकीलसाहेबांचा फोन. हॉटेलच्या व्यवस्थापनाचे म्हणणे असे की वजनाची चाचणी असलेले परिशिष्ट काढून टाका आणि पहाटेच्या पावत्यांचा भाग तेवढा ठेवा.

मी सांगितले, अहवाल दाखल करायचा तर सबंध. नको असेल तर मला साक्षीला बोलावू नका, मी फी घेऊन बाजूला होईन. पण अर्धा अहवाल माझ्या सहीने जाणार नाही.

तज्ज्ञाला बोलावले जाते ते न्यायाधीशांना स्वतःचे मत बनवता यावे म्हणून. १९९९ च्या हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जय लाल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे: तज्ज्ञाचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे असते, आणि निष्कर्ष कसा तपासायचा त्याची साधने त्याने न्यायालयाच्या हाती द्यायची असतात. चाचणी काढून टाकली की ती साधनेच काढून टाकली.

वकीलसाहेबांबद्दल मला आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी. व्यवस्थापनाने दुसरा सीए आणायचे बोलून दाखवले, तेव्हा त्यांनीच त्यांना सुनावले: “सीए बदलला म्हणून मासळीचे डोके खाण्यालायक होणार नाही. हे आज समोर ठेवू, नाहीतर उलटतपासणीत कामगाराचा वकील आपल्याकडून काढून घेईल.” अहवाल सबंध दाखल झाला.

एक छोटी बाब मध्येच सांगते, कारण वकील तिथे वारंवार अडतात. शेफ आणि पुरवठादार यांच्यातले दरांचे व्हॉट्सअॅप संदेश स्क्रीनशॉट म्हणून लावले होते. प्रकरण १ जुलै २०२४ आधीपासून प्रलंबित असल्याने जुना पुरावा कायदाच लागू होता, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी त्यातल्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र हवे होते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवले आहे. ते मला सही करायला दिले गेले. फोन माझा नाही, माझ्या ताब्यातला नाही, म्हणून मी ते परत केले. शेवटी फोन ज्यांचा त्या शेफनीच ते दिले. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाखाली चालणाऱ्या प्रकरणांत कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन भागांत असते, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याची संगणकीय खूण) द्यावे लागते. तो तज्ज्ञ संगणकाचा हवा. हिशेबाच्या तज्ज्ञाने तिथे सही केली तर पलीकडचा वकील त्याची उरलेली साक्षही खिळखिळी करतो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

साक्ष

सरतपासणीचे (बोलावणाऱ्या बाजूकडून होणाऱ्या साक्षीचे) प्रतिज्ञापत्र लहान होते, अहवाल त्याला जोडला होता. उलटतपासणी कामगाराच्या वकीलबाईंनी घेतली. फीचा प्रश्न आलाच. रक्कम सांगितली, पत्र दाखवले, तो विषय तिथेच संपला. मग त्यांनी इसवणीचा हिशेब माझ्याकडून पायरीपायरीने वदवून घेतला. मी काही मागे ठेवले नाही.

शेवटी त्यांनी विचारले, “म्हणजे माझ्या अशिलाने एक पैसाही खाल्ला नाही, असे तुमचे मत आहे ना?”

मी म्हणाले, “तसे माझे मत नाही, आणि खाल्ला असेही नाही. २.२ लाखांचा फरक मला उपलब्ध कागदांवरून स्पष्ट करता आला नाही. पहाटेच्या पावत्यांवर दुसरी सही नाही. यापुढचे ठरवणे माझ्या कामात बसत नाही.”

त्या क्षणी दोन्ही बाजूंच्या वकिलांना माझे उत्तर गैरसोयीचे वाटले असावे. पण अहवालात जे होते तेच पिंजऱ्यात सांगितले, त्यामुळे त्यानंतर कोणाला माझ्याकडून आणखी काही ओढून काढायचे उरले नाही.

परिणाम

त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ११अ नुसार शिक्षा प्रमाणाबाहेर आहे का हे न्यायालय पाहू शकत होते. आरोप १८.२ लाखांचा, कागदावर उभे राहिलेले २.२ लाख, तेही कोणामुळे हे ठरलेले नाही. नाते लपवल्याची बाब कागदोपत्री सगळ्यात भक्कम होती, पण तो आरोपच ठेवलेला नव्हता, आणि न ठेवलेल्या आरोपावर बडतर्फी टिकत नाही. हॉटेलला सिद्ध करता येण्यासारखे जे होते ते आरोपपत्रात नव्हते.

युक्तिवादापूर्वी दोन्ही बाजूंनी तडजोड केली. बडतर्फीचा आदेश मागे घेऊन राजीनामा धरला गेला, थकीत पगाराचा काही भाग आणि सेवेचे सगळे देणे मिळाले, संगनमताचा ठपका नोंदीतून काढला गेला. त्या गृहस्थांनी पुन्हा कामावर घेण्याची मागणी सोडली. २.२ लाखांचे कोडे तसेच राहिले.

या वादात त्या माणसाने गमावलेली वर्षे तडजोडीत मोजली गेली नाहीत. गावात ‘हॉटेलातून पैसे खाऊन काढला’ हे एकदा पसरले की न्यायालयाचा कागद ते पुसत नाही. चौकशीच्या वेळीच तो दरांचा तक्ता त्यांच्या हाती दिला असता, तर इसवणीचा हिशेब त्यांनी स्वतःच पाच मिनिटांत समजावला असता.

काय वेगळे करता आले असते

तज्ज्ञाला आणायची वेळ आरोपपत्राच्या आधी होती. तेव्हा सीसीटीव्ही शिल्लक होता, सुंगटांचे नग विचारता आले असते, आणि मुख्य म्हणजे आरोप कुठला ठेवायचा हे कळले असते. या हॉटेलच्या जागी मी असते तर दोन वेगळे आरोप ठेवले असते: नाते न कळवणे, आणि आवक पावतीवर दुसरी सही न घेणे. दोन्ही कागदावर सिद्ध होणारे होते. आकडा नंतर, तपासणी झाल्यावर. फॉर्म न दिल्याचा हॉटेलचा स्वतःचा ढिलेपणाही त्याच वेळी समोर आला असता आणि शिक्षा बेताने ठरवता आली असती.

नैतिकतेच्या प्रश्नावर तज्ज्ञाचे मत न्यायालयात किती चालते, असे वकील मला विचारतात. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये विज्ञान, कला, परकीय कायदा, हस्ताक्षर आणि बोटांचे ठसे एवढेच होते. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ असे शब्द जोडले गेले आहेत. दार थोडे उघडले आहे. पण ‘हे वागणे अनैतिक होते’ एवढ्या मताला आजही वजन नाही. अशा हॉटेलांत हितसंबंध कसे कळवले जातात, इथे काय लिहिलेले होते, प्रत्यक्ष काय केले जात होते, हे तिन्ही वेगवेगळे मांडले तर ते उपयोगी पडते.

कामगाराच्या बाजूने तर एकही तज्ज्ञ नव्हता. फी परवडत नाही, हे खरे कारण. योगायोगाने मालकाच्याच तज्ज्ञाच्या अहवालात त्यांचा बचाव निघाला, पण दर वेळी तसे होईल असे धरून चालता येत नाही. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ११(५) मध्ये, विषयाची खास माहिती असलेल्या व्यक्तीला असेसर म्हणून नेमून तिचा सल्ला घेण्याचा अधिकार न्यायालयाला होता. दिवाणी दाव्यांत हिशेब तपासायला आयुक्त नेमता येतो. कामगाराच्या वकिलांनी आकड्यांवर उभ्या असलेल्या प्रकरणात पहिल्याच तारखांना असा अर्ज द्यावा आणि त्यासोबत दरांच्या तक्त्याची मागणीही लेखी करावी. या प्रकरणात त्या गृहस्थांनी वकील नसतानाही ती मागणी चौकशीत लेखी केली होती, आणि चौकशी अग्राह्य ठरली ती त्याच एका अर्जामुळे.